ग्वाल्हेरच्या समाध्या, मकबरे आणि छत्र्या कशा बघाव्यात

महाराष्ट्रातून बरीच पोरं इथं एलएनआयपीईला (शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था) किंवा जिवाजी युनिव्हर्सिटीला शिकायला येतात, पाठोपाठ आईबाबा येतात, मग सगळे मिळून किल्ला आणि जयविलास राजवाडा बघतात आणि संध्याकाळची गाडी पकडतात. माझं म्हणणं एवढंच की एक सकाळ राखून ठेवा आणि ज्यांच्यामुळे हे गाव झालं ती माणसं जिथं विसावलीत तिथं जाऊन या. क्रम सांगते तसाच धरा: आधी तानसेनच्या मकबऱ्याचा हजीरा भाग, मग फूलबाग, शेवटी लष्कर नावाच्या भागातली शिंद्यांची छत्री, म्हणजे राजघराण्यातल्या गेलेल्यांचं स्मारक. आणि निम्म्याहून जास्त वेळ हजीऱ्यालाच द्या.

ऑटोवाल्याला 'तानसेन का मकबरा, हजीरा' असं सांगायचं. आत गेलं की समोर घुमटाची भलीमोठी इमारत दिसते, सगळे तिलाच तानसेनची समजून फोटो काढतात, पण ती मोहम्मद गौस यांची. हे शत्तारी पंथाचे सूफी, बाबराच्या माणसांना किल्ला मिळाला त्यात यांची मदत होती, १५६३ मध्ये वारले आणि अकबराच्या काळात हा मकबरा उभा राहिला. चारी कोपऱ्यांना षटकोनी बुरूज आहेत, घुमटावर एकेकाळी निळ्या चकचकीत फरशा होत्या. पण खरं बघायचं ते जाळीकाम, आणि ते बाहेरून नाही, आतल्या व्हरांड्यात उभं राहून बघायचं. म्हणूनच सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असतं तेव्हा दगडी जाळीतून उजेड आत येतो, जमिनीवर सगळी नक्षी उतरते, एका चौकटीतली नक्षी दुसरीत नाही. घाई करू नका, एकेका जाळीपाशी थांबा, दगड किती बारीक कोरलाय ते जवळून बघा, फक्त बोटं घालू नका आणि टेकून फोटो नको, चारशे वर्षांच्या वर झाली तिला.

मग बाजूच्या छोट्या चौथऱ्याकडे वळा. खांबांवरचा साधा मंडप, चारी बाजूंनी मोकळा, खाली कबर, ती तानसेनची. रीव्याच्या राजा रामचंद्राकडून १५६२ मध्ये जो अकबराच्या दरबारात गेला तो हा गवई, आणि शेवटी जागा घेतली ती गौस यांच्या शेजारी, त्यांना तो गुरू मानायचा असं इथं सगळे सांगतात. मला ही साधी कबर त्या मोठ्या घुमटापेक्षा जास्त भावते, इथं पाच मिनिटं तरी गप्प बसा. शेजारी चिंचेचं झाड आहे, त्याचा पाला चावला की गळा सुरेल होतो अशी गाणाऱ्यांची श्रद्धा, पण म्हणून फांद्या ओरबाडू नका प्लीज, खाली पडलेलं पान उचला.

डिसेंबरमध्ये येणं जमत असेल तर तानसेन समारोहाच्याच दिवसांत या. रात्रीच्या मैफिलींची सगळ्यांना माहिती असते, पण पहिल्या दिवशी सकाळी इथंच कबरीपाशी सनई होते, ढोलीबुवा या कीर्तनकारांची हरिकथा होते आणि मीलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगान, होतो, एकाच जागी आणि एकाच सकाळी, हे चुकवू नका. आपल्या मराठी माणसाला तर ती हरिकथा ऐकून घरी आल्यासारखं वाटतं. स्वेटर, शाल घेऊन या, थंडी कडक असते.

तिथून फूलबाग. झाशीच्या राणीची समाधी रस्त्यालगतच आहे, घोड्यावरचा पुतळा लांबूनच दिसतो. जून १८५८ मध्ये कोटा की सरायच्या लढाईत राणी पडली, तिला गंगादास बाबांच्या मठात आणलं आणि साधूंनी अग्नी दिला असं इथं सांगतात, तो मठ म्हणजे गंगादासांची बडी शाळा, जवळच आहे, तिथंही जा, बहुतेक लोक जात नाहीत. इंग्रज सेनापती ह्यू रोज यानंही किल्ल्याच्या पायथ्याशी एका चिंचेखाली तिची रक्षा बघितल्याचं लिहून ठेवलंय. मुलांना सोबत आणलं असेल तर त्यांना सांगा की ही मोरोपंत तांब्यांची मनू, आणि इथल्या जुन्या व्हिक्टोरिया कॉलेजला आज तिचंच नाव आहे, अटलजी शिकले ते हेच कॉलेज. १७-१८ जूनला इथं खूप लोक येतात, पण ऊन भयंकर, पाण्याची बाटली आणि टोपी हवीच.

शेवटी लष्करात छत्री बाजारला या, शिंद्यांच्या छत्र्या तिथं आहेत. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथं तळ टाकला आणि त्या तळाचंच हे लष्कर झालं. छत्रीत देवळासारखंच वागायचं, चपला बाहेर आणि आवाज हळू. १८५८ मधले ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांच्या छत्रीसमोर जरा थांबा, कारण आत्ताच राणीची समाधी बघून आलोय आपण, आणि १ जून १८५८ ला याच जयाजीरावांची फौज मुरारजवळ राणी आणि तात्या टोप्यांच्या बाजूला गेली आणि ते आग्र्याला निघून गेले. मला वाटतं या दोन जागा एकाच दिवशी बघितल्या तरच १८५८ चं ग्वाल्हेर नीट कळतं.

महादजी शिंद्यांची छत्री इथं शोधू नका, ते १७९४ मध्ये पुण्यात वानवडीला वारले आणि तिथंच त्यांची छत्री आहे. माधवराव महाराज १९२५ ला पॅरिसमध्ये वारले, त्यांची छत्री शिवपुरीला आहे, त्यासाठी वेगळा दिवस काढा आणि सकाळीच निघा.