आधी खुंटी, मग जागा: म्यूझस्कोअरमध्ये चिन्हं बसवताना

व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांसाठी मी म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पानं तयार करते. सुरुवातीच्या एका रचनेत सगळी डायनॅमिक्स, म्हणजे किती जोरात वाजवायचं ते सांगणारी चिन्हं, मी माऊसने ओढून जागेवर नेली होती. पडद्यावर सुरेख दिसत होतं. मग वाचायला सोपं जावं म्हणून स्टाफ, म्हणजे सूर लिहायच्या रेघांचा पट्टा, मोठा केला, ओळी नव्याने तुटल्या आणि तिसऱ्या मात्रेचं 'फोर्टे' (जोरात) चौथीखाली जाऊन बसलं. शिकणाऱ्या मुलीने ते चौथीवरच वाजवलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

चिन्ह दिसतं एका जागी, पण बांधलेलं असतं दुसऱ्याच नोटला, हे मला तेव्हा कळलं. चिन्ह ओढायला लागलात की एक तुटक रेघ दिसते. ती जिथे पोचते, ती त्याची खुंटी. खुंटी चुकली असेल तर सरकवत बसू नका. चिन्ह पुसा, योग्य नोट निवडा आणि पॅलेटमधून, म्हणजे चिन्हांच्या संचातून, पुन्हा लावा. निम्मी डोकेदुखी इथेच संपते.

अंतर मोजायचं ते स्टाफ स्पेसमध्ये, म्हणजे स्टाफच्या दोन शेजारच्या रेघांमधल्या अंतरात. पाच रेघांचा स्टाफ अशा 4 जागा उंच असतो. स्टाफ लहानमोठा केला तरी हे प्रमाण टिकतं. निवडलेलं चिन्ह बाणाच्या कीने 0.1 सरकतं, कंट्रोल दाबून बाण दाबला तर 1.

सगळीच डायनॅमिक्स स्टाफला फार चिकटलेली वाटत असतील तर एकेकाला हात लावू नका. फॉरमॅट मेनूतल्या स्टाईलमध्ये अंतर एकदाच बदला. हाताने सरकवायचं ते फक्त अपवादाला.

असा अपवाद नेहमी येतो तो खालच्या सुरांवर. स्लर, म्हणजे सूर जोडणारी कमान, नोटांच्या खालून जातो आणि 'पियानो'चं (हळू आवाजाचं) चिन्ह त्याला खेटून बसतं. तिथे मी प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये वाय ऑफसेटला, म्हणजे उभ्या सरकवणीला, 0.5 देते. या सॉफ्टवेअरमध्ये अधिक म्हणजे खाली, हे लक्षात ठेवा. उलट, चिन्ह स्टाफजवळ आणायचं असेल आणि ते जागचं हलत नसेल, तर आपोआप जागा ठरवण्याची सोय त्याला मागे ढकलत असते. बरोबर-चिन्हाची (=) की दाबली की ती सोय तेवढ्या चिन्हापुरती बंद होते. पण मग टक्कर टाळायची जबाबदारी तुमची, म्हणून मी ती क्वचितच बंद करते. फसलं तर कंट्रोल आणि आर दाबा, चिन्ह मूळ जागी येतं.

शेवटी एक पान छापून स्टँडवर ठेवते आणि व्हायोलिन हनुवटीखाली धरून वाजवायच्या अंतरावर उभी राहते. तिथून स्लर आणि 'पियानो' वेगळे दिसले नाहीत, तर परत जाऊन आणखी 0.3 देते.