गाडीमागे ओढायची सेकंडहँड केबिन बोट घेताय? या चुका टाळा

बजेट कमी असताना सेकंडहँड केबिन क्रूझर बघायला जाणारे बहुतेक जण शिडी चढून थेट केबिनमध्ये शिरतात. गाद्या दाबून बघतात, टेबल खाली केलं की बेड होतो का ते बघतात, छोटं सिंक, छोटी शेगडी बघून खूश होतात आणि मनातल्या मनात सौदा तिथेच होऊन जातो. मीही हेच केलं. गाद्यांना कोरं कापड होतं, आणि त्या बोटीत नवं असं तेवढंच होतं हे मला पुढच्या सीझनला कळलं. म्हणून आता कोणी विचारलं की एवढंच सांगतो, बोट खालून वर बघत जा. आधी ट्रेलर, मग तळ, मग इंजिन, केबिन अगदी शेवटी.

पण बघायला निघायच्याही आधी वजनाचा हिशोब करा, कारण सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. माहितीपत्रकात ‘ड्राय वेट’ म्हणून जो आकडा असतो त्यात पेट्रोल नसतं, पाणी नसतं, अँकर नसतो, आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन, असेल तर कधीकधी तेसुद्धा धरलेलं नसतं, आणि ट्रेलर तर नसतोच. समजा २४ फुटी बोट कागदावर २००० किलो आहे. २०० लिटर पेट्रोलचे साधारण १५० किलो, ८० लिटर पाण्याचे ८०, डबल अ‍ॅक्सल ट्रेलरचे ६०० ते ७००, वर बॅटऱ्या, साखळी, दोर, भांडीकुंडी मिळून सहज दीडशे. झाले की ३०००! गाडीची टोइंग क्षमता २५०० असेल तर विषय संपला. ‘माझी गाडी आरामात ओढते’ असं म्हणणारे खूप भेटतील, पण नुसतं ओढण्याचं काय घेऊन बसलात, उतारावर थांबवायचं आणि बोट पाण्यात उतरवायच्या ओल्या, शेवाळलेल्या उतरणीवरून (रॅम्प) वर काढायचं असतं. मालक तयार असेल तर बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर घाला, वाद मिटतो.

रुंदीही टेप लावून मोजा. अमेरिकेत बहुतेक रस्त्यांवर ८ फूट ६ इंच आणि युरोपात २.५५ मीटर ही नेहमीची मर्यादा, त्यापुढे परमिटची भानगड. आणि रस्त्यावर ट्रेलर मागून शेपटीसारखा हलत असेल तर बहुतेक वेळा पुढच्या हुकवर भार कमी पडतोय. एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के भार हुकवर यायला हवा, बोट ट्रेलरवर थोडी पुढे घेतली की बरेचदा भागतं.

आता ट्रेलर. टायरची नक्षी छान दिसते म्हणून फसू नका, बोटीचे टायर झिजून कमी आणि म्हातारे होऊन जास्त फुटतात. टायरच्या बाजूला उमटवलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नवे टायर धरूनच भाव करा. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, घरघर आली की बेअरिंग गेलं. ग्रीस दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलंय. ब्रेक जाम असणारच असं धरून चाला, खाऱ्या पाण्यात बुडवलेला ट्रेलर कोणी गोड्या पाण्याने धुवत बसत नाही.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे लाकूड न तपासणं. बोट फायबरची आहे मग लाकूड कुठलं, असं मलाही वाटायचं. जुन्या बोटींत मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, आणि तळातल्या पुढून मागे जाणाऱ्या लांब बीम, म्हणजे स्ट्रिंगर, यांत फायबरच्या आत बहुतेक प्लायवूड किंवा लाकूडच असतं. कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपतं आणि वर्षानुवर्षं ते आतल्या आत कुजत राहतं, वरून चकाचक. माझ्या त्या बोटीत ट्रान्समवर डेप्थ फाइंडरच्या, म्हणजे पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या, स्क्रूखाली तपकिरी ओघळ होता. मालक म्हणाला गंजाचा डाग आहे, मी मान डोलावली. नंतर तो स्क्रू मी बोटांनी फिरवला तर हातात आला, आणि त्याच्या आट्यांना चहाच्या चोथ्यासारखा ओला भुसा चिकटलेला. पाना लागला नाही! पुढे ट्रान्सम नवा करायला जो खर्च आला तो बोटीच्या किमतीच्या वर गेला, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. तेव्हा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. ठण्ण वाजलं तर ठीक, ढब्ब वाजलं तर थांबा. आउटबोर्ड असेल तर ते थोडं वर करून खालून दाबा, इंजिनाबरोबर भिंतही हलली तर घरी जा.

इंजिन नेहमी थंड असतानाच चालू करायला लावा. तुम्ही पोचायच्या आधीच मालकाने ‘जरा गरम करून ठेवलं’ असेल तर संशय घ्या, कारण खरी दुखणी पहिल्या स्टार्टलाच दिसतात. चाललेले तास कमी म्हणजे इंजिन चांगलं हाही गैरसमजच, वीस वर्षांत दोनशे तास चाललेलं इंजिन म्हणजे बहुतेक काळ नुसतं उभं राहिलेलं इंजिन. स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत आणि पंख्याचं ड्राइव्ह मागे बाहेर, असेल तर खालच्या गिअरचं ऑइल थोडं काढून बघा, दुधाळ असलं तर सील गेलंय. ड्राइव्ह बोटीला जोडलेलं असतं तिथे रबरी भाता असतो, बेलोज म्हणतात त्याला, त्याच्या घड्या उघडून चिरा बघा, तो फाटला की पाणी थेट बोटीत येतं. थंड प्रदेशातली बोट असेल तर ब्लॉकवर गोठून पडलेल्या भेगा किंवा त्यावर थापलेलं इपॉक्सी शोधा. खाऱ्या पाण्यावर चाललेल्या इंजिनाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर, म्हणजे धूर बाहेर नेणारे ओतीव भाग, शेवटचे कधी बदलले ते विचारा, पाच-सहा वर्षं झाली असतील तर तो खर्च तुमच्या माथी. आणि ओएमसी कंपनीचं जुनं कोब्रा स्टर्नड्राइव्ह दिसलं तर दोनदा विचार करा, कंपनी २००० सालीच दिवाळखोरीत गेली, पार्ट शोधता शोधता सीझन संपतो.

एक गोष्ट पैशाची नाही, जिवाची आहे. पैसे वाचवायला कोणीतरी कारचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बसवलेला असतो. दिसायला सारखाच, पण मरीन पार्ट ठिणगी बाहेर पडू नये असे बनवलेले असतात, आणि बंद इंजिनखोलीत पेट्रोलची वाफ साठली असेल तर एक ठिणगी पुरते. ती वाफ बाहेर फेकणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, चालतो का तेही बघा, स्टार्टच्या आधी तो चार मिनिटं चालवायचा असतो.

पाण्यातली ट्रायल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. संथ चालताना तापमान ठीक आणि रेस दिली की चढत जातं, तर थंड पाणी पुरत नाहीये, पाणी खेचणाऱ्या पंपातलं चक्र (इंपेलर), पाणी आत घेणारं तुंबलेलं तोंड (इनटेक) किंवा गंजलेले रायझर. पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम ठरलेल्या आकड्यापर्यंत जातच नसेल तर चुकीचा प्रॉप (पाण्यातला पंखा), घाण झालेला तळ, दमलेलं इंजिन, नाहीतर तळात तरंगण्यासाठी भरलेला फोम पाणी पिऊन बसलाय. वळताना मागून गुरगुर आली तर गिंबल बेअरिंग, म्हणजे इंजिनाकडून ड्राइव्हकडे जाणाऱ्या दांड्याचं बेअरिंग, गेलंय.

केबिनचं काय, त्यात झोपून बघा. खरंच, बूट काढून पाय लांब करून झोपा, कारण बहुतेक बेड एका माणसाला बरे आणि दोघांना शिक्षा असतात. गादी उचलून खाली बुरशी बघा, खिडकीच्या कोपऱ्यातले डाग बघा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर पहिल्या रात्रीच्या आधी बसवा. फाटकी गादी, उडालेला रंग, जुना रेडिओ यावर मात्र मोल कमी करून घ्या आणि खुशाल घ्या, ही कामं स्वतःची स्वतः होतात. बिमिनी (वरचं घडीचं कापडी छत) आणि कॅनव्हासचं तसं नाही, ते शिवून घ्यायला बरेच पैसे जातात.

आणि कागद. बोटीच्या मागे उजव्या बाजूला हल नंबर, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो, तो कागदावरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघा. बऱ्याच ठिकाणी ट्रेलरची नोंदणी वेगळी असते, त्याचे कागद वेगळे मागा. ‘ट्रेलरचे नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच पाठवा.