कुंडीतल्या झाडांविषयी सल्ला घेताना आणि देताना या चुका टाळा

बागकामाची आवड असलेल्या मंडळींमध्ये रोज सकाळी कोणीतरी पिवळ्या पानांचे छायाचित्र टाकते आणि खाली ‘काय करू?’ एवढे दोनच शब्द लिहिते. तासाभरात उत्तरे येतात: पाणी कमी करा, पाणी वाढवा, ताक ओता, एप्सम मीठ घाला, बुरशीनाशक फवारा, कुंडी उन्हात ठेवा, कुंडी सावलीत न्या. यांतले एकही उत्तर खोटे नसते, कारण प्रत्येक उपाय सांगणाऱ्याच्या गच्चीवर कधी ना कधी लागू पडलेला असतो. अडचण अशी की ज्या झाडाला तो लागू पडला त्याची माती, पाणी, ऊन आणि महिना सांगणाऱ्याने गाळलेला असतो आणि विचारणाऱ्यानेही आपल्याकडचे सांगितलेले नसते. गेली बारा वर्षे पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पन्नासेक कुंड्या सांभाळताना मी या दोन्ही बाजूंनी चुका केल्या आहेत, त्यामुळे पुढचे लिखाण काही अंशी कबुलीजबाबही आहे.

पान पिवळे पडले, पण कोणते?

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ‘पाने पिवळी पडली’ हे वर्णन पुरेसे समजणे. झाड आपल्याकडचे नत्र जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देऊ शकते, त्यामुळे नत्र कमी पडले की आधी खालची, जुनी पाने सरसकट फिकी पिवळी होतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेतही सुरुवात जुन्या पानांपासूनच होते, पण तेथे शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो. लोहाची गोष्ट उलटी आहे. जुन्या पानांतले लोह झाडाला सहजासहजी हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडले की शेंड्याची कोवळी पाने आधी पिवळी होतात आणि त्यांच्या हिरव्या शिरा जाळीसारख्या उठून दिसतात. या तिन्हींहून वेगळे, आणि शहरी कुंड्यांत सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे मुळांशी साचलेले पाणी. त्याची परीक्षा पानावर होत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे लागते.

माझ्या कढीपत्त्याचे शेंडे एका उन्हाळ्यात असे जाळीदार पिवळे झाले. कोणीतरी एप्सम मीठ सुचवले आणि मी दोन महिने नेमाने पंधरा दिवसांतून एकदा चमचाभर घालत राहिलो. एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. लोहाची उणीव त्याने भरून निघण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी एका जाणत्या बाईंनी उपाय न सांगता प्रश्न विचारला, ‘पाणी कुठले घालता?’ त्या वर्षी आमच्या इमारतीत टंचाईमुळे बोअरचे पाणी सुरू होते. असे जड, क्षारयुक्त पाणी महिनोन्महिने घातले की कुंडीतल्या मातीचा सामू (पीएच) वाढत जातो, म्हणजे ती अल्कधर्मी होते, आणि मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मी कढीपत्त्यापुरते नळाचे पाणी राखून ठेवले, कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह, आणून लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारले आणि पुढची फूट हिरवी आली. जुनी पिवळी पाने मात्र पिवळीच राहिली. हेही सांगण्यासारखे आहे, कारण पुष्कळ जण त्याच पानांकडे पाहत बसतात आणि उपाय फसला असे समजून दुसरा सुरू करतात.

म्हणून विचारताना किमान एवढे लिहावे: गाव, कुंडीचा आकार आणि ती मातीची की प्लॅस्टिकची, तळाला भोक आहे की नाही, माती कसली, पाणी कोणते व किती दिवसांनी, थेट ऊन किती तास, शेवटचे खत केव्हा दिले. छायाचित्रे दोन हवीत, एक पानाचे जवळून आणि एक संपूर्ण कुंडीचे. दुसऱ्या छायाचित्रातच निम्मी उत्तरे असतात. कुंडीच्या कडेला पांढरा क्षार चढलेला असतो किंवा बशीत पाणी साचलेले असते.

ज्या मातीतला सल्ला त्या मातीत बरा

कढीपत्त्याला ताक घालावे हा सल्ला महाराष्ट्रभर ऐकू येतो. रत्नागिरीकडच्या एखाद्या आजी तो छातीठोकपणे देतात, कारण त्यांच्या परसातला कढीपत्ता खरोखरच डोळ्यांत भरावा असा असतो. तिथली जांभ्या दगडाची लाल माती मुळातच आम्लाकडे झुकलेली असते, त्यामुळे लोह न मिळण्याचा हा प्रकार तिथे सहसा उद्भवतच नाही. आजींचा कढीपत्ता हिरवा असण्याचे श्रेय ताकाला जाते, ते खरे तर मातीला जायला हवे. देशावरची काळी माती बेसाल्टपासून झालेली, चिकण आणि बहुधा चुनखडीयुक्त असते. शेतात ती सोने पिकवते, पण कुंडीत नुसती तीच भरली तर पावसाळ्यात लगदा होतो आणि उन्हाळ्यात भेगा पडून घातलेले पाणी कडेने तसेच वाहून जाते.

पाण्याच्या वेळापत्रकाचेही तसेच आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एरवीही हवा दमट असते. तिथल्या माणसाने ‘दिवसाआड पाणी पुरते’ म्हणावे हे स्वाभाविक आहे. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना मातीच्या कुंडीतले झाड त्या वेळापत्रकावर आठवडाभरही तग धरणार नाही. गुलाबाची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, हे न्यू जर्सीतल्या नातेवाइकाचे म्हणणे त्याच्या अंगणापुरते बरोबर आहे, कारण तिथे झाड हिवाळाभर झोपलेले असते. आपल्याकडे पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात छाटणी केली की थंडीत फुलांचा मुख्य बहर मिळतो, आणि पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनातले गुलाब त्याच हिशेबाने तयार केलेले असतात.

जागेचा मुद्दा किती बारीक असू शकतो याचे एक उदाहरण माझ्या शेजारच्या घरातले आहे. एकाच झुडपाच्या काश्यांपासून (बुडाशी येणाऱ्या फुटव्यांपासून) तयार केलेल्या शेवंतीच्या दोन कुंड्या त्यांच्याकडे होत्या. मागच्या गॅलरीतली कुंडी नोव्हेंबरात फुलांनी भरून गेली आणि दाराबाहेरची, त्याहून हिरवीगार आणि दणकट दिसणारी, एकही कळी न धरता तशीच उभी राहिली. दोन्हींना माती, खत, पाणी एकच. शेंडे खुडण्यापासून बोनमीलपर्यंत (हाडांच्या चुऱ्याच्या खतापर्यंत) सगळे सल्ले येऊन गेले. कारण वर टांगलेले होते: जिन्यातला दिवा, जो रात्रभर चालू असे. रात्र मोठी आणि सलग अंधारी असेल तरच शेवंती कळ्या धरते. मध्ये उजेड पडला की तिच्या लेखी उन्हाळा चालूच असतो. पुढच्या वर्षी ती कुंडी सप्टेंबरातच मागे नेली आणि फुले आली. ‘ऊन किती तास?’ हे सगळ्यांनी विचारले होते, ‘रात्री अंधार असतो का?’ हे कोणीच विचारले नव्हते.

‘थोडेसे’ म्हणजे किती?

सल्ला देणाऱ्यांची मोठी चूक प्रमाणाची. जीवामृत या आंबवलेल्या द्रवखताचे उदाहरण घ्या. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीने ते करताना २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती घालतात, मिश्रण सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळतात आणि साधारण ४८ तासांनी वापरायला घेतात. हे प्रमाण एका एकरासाठी आहे. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्या हिशेबाने १०० चौरस फुटांच्या गच्चीला एका वेळी अर्धा लिटरसुद्धा लागत नाही. तरीही लोक बादलीभर करून ठेवतात, ते आठवडाभरात संपवायचे असते हे विसरतात आणि पंधराव्या दिवशी नाक दाबून तेच कुंड्यांत ओततात. मग माश्या होतात, शेजारी तक्रार करतात आणि ‘सेंद्रिय म्हणजे नुसती घाण’ असा आणखी एक अनुभव जमा होतो.

निंबोळी तेलाबाबत नुकसान लवकर दिसते. लिटरभर पाण्याला ५ मिलिलिटर तेल पुरेसे असते, पण ते पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी थोड्या कोमट पाण्यात साबणाच्या द्रावणाचे काही थेंब घालून तेल घुसळावे आणि मग उरलेले पाणी घालावे. साबण न घालता फवारले तर तेल वर तरंगते आणि एकाच फांदीवर जाऊन बसते. दुपारी फवारले तर पाने करपतात, शिवाय कीड रोखणारा घटक उन्हाने लवकर निकामी होतो. ‘निंबोळी तेल मारा’ एवढेच सांगणाऱ्याने यातले काहीही सांगितलेले नसते, आणि पाने करपल्यावर दोष तेलाला दिला जातो.

श्रेय चुकीच्या खात्यावर जमा करणे

झाड आजारी पडले की घाबरून चार उपाय एकाच आठवड्यात करण्याचा मोह सगळ्यांना होतो. कुंडी बदलली, जागा बदलली, शेणखत घातले, केळीच्या सालींचे पाणीही घातले. झाड सुधारले आणि सगळ्यांना सांगताना फक्त केळीच्या साली लक्षात राहिल्या, कारण तेवढीच गोष्ट नवी आणि गमतीची होती. एका वेळी एकच बदल करावा आणि पंधरा दिवस वाट पाहावी. वाट पाहणे शक्यच नसेल, तर निदान सांगताना चारही गोष्टी सांगाव्यात.

जूनमधले यशही मी सहसा मनावर घेत नाही. पहिल्या दोन पावसांनंतर आपल्याकडे बहुतेक सगळे हिरवे होते. मे महिन्यात सुरू केलेल्या कोणत्याही उपायाला जूनअखेरीस यश आल्यासारखे दिसते. खात्री करायची असेल तर सारख्याच दोन कुंड्या घेऊन एकीलाच उपाय करावा. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’तल्या शेतकऱ्यांचा भर नेमका यावर असे की प्रत्येकाने आपल्या बांधावर स्वतः करून पाहावे, निरीक्षण नोंदवावे आणि ते इतरांपुढे ठेवावे. तासगाव परिसरातल्या द्राक्ष बागायतदारांना त्या देवाणघेवाणीचा मोठा उपयोग झाला. गॅलरीसाठी त्यातले थोडे उचलायचे तर एक शंभर पानी वही पुरते.

फसलेले प्रयोग न सांगणे ही त्याच चुकीची दुसरी बाजू. टोमॅटोची फळे बुडाशी काळी पडली की अंड्याची टरफले कुस्करून घाला असे सांगितले जाते. ती मी तीन हंगाम घातली आणि तिन्ही हंगामांत फळे काळी पडली. टरफलांतला कॅल्शियम मातीत फार सावकाश उतरतो, आणि मूळ अडचण बहुधा एक दिवस कोरडी तर दुसऱ्या दिवशी तुडुंब अशा पाणी घालण्याची असते. त्यामुळे कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. मी हे पहिल्याच वर्षी मोकळेपणाने सांगितले असते, तर निदान आमच्या ओळखीतल्या पाच-सहा घरांतली टरफले थेट खताच्या डब्यात गेली असती.

जिथे अंदाज चालत नाही

झाडाविषयीचा चुकीचा सल्ला फार तर एक कुंडी रिकामी करतो, पण तोंडात घालायच्या वनस्पतीविषयी तसे म्हणता येत नाही. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला आणि कुंपणावरच्या वेलाचे छायाचित्र पाठवून ‘हीच ना?’ असे विचारले जाऊ लागले. गुळवेलीसारखीच हृदयाच्या आकाराची पाने असलेली तिची एक भावकीतली वेल आहे, जी अपायकारक ठरू शकते. २०२२ मध्ये आयुष मंत्रालयानेही या दोन वेलींत गल्लत करू नये असे सांगितले होते. पावसाळ्यातल्या रानभाज्यांनाही हेच लागू आहे. छायाचित्रावरून ‘हो, हीच’ असे उत्तर कोणीही देऊ नये, आणि आले तरी त्यावर विसंबून पातेले चुलीवर ठेवू नये. ती भाजी वर्षानुवर्षे खुडणाऱ्या माणसाने हातात घेऊन पाहिली पाहिजे.

फांदीबरोबर काय देता?

रोपे आणि फांद्या यांची देवाणघेवाण हा या छंदातला सर्वांत आनंदाचा भाग आहे आणि कीड पसरण्याचा सर्वांत सोपा मार्गही. जास्वंदीच्या पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड, असतो. देणाऱ्याने फांदी तोडण्यापूर्वी पानांची खालची बाजू पाहावी, आणि घेणाऱ्याने नवे रोप किमान दोन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून दूर ठेवावे. या मुदतीत खोडावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसली, तर पानांवर काही दिसत नसले तरी शेंडा उलगडून पाहावा, कारण मुंग्या बहुतेक वेळा या किडीच्या गोड चिकट स्रावासाठीच चढतात. माझ्या गॅलरीत पिठ्या ढेकूण आला तो भेट मिळालेल्या एका दुहेरी जास्वंदीवरून. ती मी त्याच संध्याकाळी कौतुकाने बाकीच्या जास्वंदींच्या मधोमध ठेवली होती, आणि त्यानंतरचा संपूर्ण ऑक्टोबर जुना टूथब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन पानेच्या पाने पुसण्यात गेला.