बालगृहातलं मूल काही बोलून गेलं तर काय करायचं (आणि मी काय चुकले)

आधीच सांगते, मी वकील नाही. नाशिकमधल्या एका बालगृहात रविवारी पोरांचं गणित घ्यायला जायचे, बरीच वर्षं. तिथे एकदा एका मुलाने स्वतःला होणाऱ्या त्रासाबद्दल सांगितलं आणि माझ्याकडून मोठी चूक झाली, म्हणून हे लिहितेय. संस्थेत नोकरी करणारे, माझ्यासारखे स्वयंसेवक, वाढदिवसाला जेवण द्यायला जाणारे, सगळ्यांच्या कामाचं आहे.

झालं असं की एक पोरगा (वय, गाव सांगणार नाही, का ते पुढे येईल) भागाकार सोडवताना पेन्सिलला टोक करत म्हणाला, "ताई, रात्रीचे काका उठवतात मला, मग मी झोपतच नाही." मी लगेच सुरू, का उठवतात, कुठे नेतात, मारतात का, अजून काही करतात का, एका दमात चार प्रश्न. पोरगं गप्प. टोक तुटलं तरी तासतच राहिलं. मग मी ऑफिसात जाऊन सांगितलं, ते म्हणाले आम्ही आत चौकशी करतो, आणि मी घरी येऊन निवांत. पुढच्या रविवारी गेले तर कागदावर एवढंच, "सदर बालकाने कर्मचाऱ्याच्या वर्तनाबाबत नाराजी व्यक्त केली, संबंधितास समज देण्यात आली." काका नाही, रात्र नाही, झोप नाही, सगळं गायब. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवर नवीन रेकॉर्डिंग चढलेलं. आणि पोरगा म्हणे मी गंमत केली.

तर पहिली गोष्ट, मूल बोलायला लागलं की आपण बोलायचं थांबवा. विचारायचंच असेल तर "मग?" किंवा "अजून सांगायचंय का?" एवढंच. "काकांनी तुला हात लावला का" असलं उत्तर आत भरलेलं वाक्य अजिबात नको, पुढे कोर्टात समोरचा वकील हेच धरतो की हे बाईंनीच पोराच्या तोंडात घातलं. "कुणाला सांगणार नाही" असंही वचन देऊ नका, कारण तुम्हाला सांगावंच लागणार आहे. ज्यांना सांगितल्यावर तुझी काळजी घेतली जाईल त्यांनाच सांगणार, असं म्हणा, ते खरं आहे.

मग लगेच, त्याच दिवशी, तारीख, वेळ, जागा, कोण होतं ते लिहा आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी पोरं घरी कोकणी (त्यांची बोली, गोव्याची कोकणी नव्हे) बोलतात, तो शब्द तसाच ठेवा, त्याची शुद्ध मराठी करू नका. "गैरवर्तन", "नाराजी" हे ऑफिसचे शब्द आहेत, मुलाचे नाहीत. तुमचं मत वेगळ्या ओळीत लिहा, किंवा लिहूच नका.

आता कुणाला सांगायचं. लैंगिक काही असल्याचा नुसता संशय असला तरी पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा २०१२ चा कायदा) कलम १९ प्रमाणे स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथक, यांनाच कळवायचं, आणि हे ऐच्छिक नाहीये. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. प्रामाणिकपणे कळवलं आणि पुढे काही सिद्ध झालं नाही तर तुमच्यावर काही येत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे. लोक याच भीतीने गप्प बसतात म्हणून मुद्दाम सांगितलं. १०९८ ला (मुलांची हेल्पलाइन) फोन जरूर करा, मदत मिळते, लगेचचा धोका असेल तर ११२, पण १०९८ ला सांगितलं म्हणजे पोलिसांत कळवलं असं धरू नका. अधीक्षकांना सांगून गप्प बसलं तर अजिबातच नाही. आणि "आमच्या हद्दीत येत नाही" असं ऐकवलं तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असली तरी नोंदवता येणारी) मागा.

मारहाण, उपाशी ठेवणं, कोंडणं असेल तर ते पोक्सोत येत नाही, पण बाल न्याय कायदा २०१५ आहे ना. कलम ७५ मध्ये संस्थेच्याच माणसाने क्रूरता केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड, आणि शिस्तीच्या नावाखाली मारलं तर कलम ८२. हे बाल कल्याण समितीला लेखी द्या, एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, आणि दोन्हीकडून पोच घ्या. पोच न घेता आलात तर तुम्ही गेलाच नव्हता असं समजा! रिमांड होम म्हटलं की आम्हा नाशिककरांना फक्त उंटवाडीचं आठवतं, पण कायदा प्रत्येक बालगृहाला लागू आहे, खासगी ट्रस्टच्याही. आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याची असली तरी पोक्सो तोच.

पुरावा. घटना ताजी असेल तर आंघोळ घालायची घाई नको, कपडे धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकमध्ये दमट राहून खराब होतात. नाशिकला त्र्यंबक रोडचं सिव्हिल हॉस्पिटल आहे, एफआयआर व्हायच्या आधीसुद्धा तपासणी करता येते (पोक्सो कलम २७), मुलगी असेल तर महिला डॉक्टरच हवी, आणि मुलाच्या भरवशाचं कुणीतरी सोबत हवं. डीव्हीआर कुणालाही उघडून बघू देऊ नका, त्याच दिवशी पोलिसांना लेखी सांगा की फुटेज जपून ठेवा. ड्युटी रजिस्टरचंही तेच, रात्रपाळीला कोण होतं ते त्यातच असतं, आणि ते "हरवतं" फार लवकर.

आरोप असलेल्या माणसाला त्या दिवसापासून मुलांपासून लांब ठेवा. आमच्याकडे उलटंच केलं, पोराचीच खोली बदलली, म्हणजे बाकीच्यांना मेसेज गेला की बोललास तर तूच हलणार. मुलाला दुसरीकडे न्यायचं का ते समिती ठरवते, संस्था नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर नको. नावच नाही तर फोटो, शाळा, घरचे, राहता भाग, ओळख पटेल असं काहीच बाहेर देता येत नाही. म्हणूनच मी वर गाव खाल्लं.

बिहारमधल्या मुझफ्फरपूरचं आठवत असेल, सरकारी पैशावर चालणारं बालिकागृह, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या टीमने सोशल ऑडिटला जाऊन मुलींशी बोलल्यावर २०१८ मध्ये बाहेर आलं. म्हणून तपासणीला जाणाऱ्यांनी मुलांशी स्टाफ नसताना बोलायचं, आणि तक्रारपेटी कुठे आहे ते बघायचं. ती ऑफिसपासून लांब, मुलं राहतात तिकडे हवी आणि किल्ली अधीक्षकांकडे नको. आमच्याकडची पेटी ऑफिसच्या दारातच होती, वर गणपतीच्या वर्गणीचं पावतीबुक ठेवलेलं.

शेवटी नवव्या दिवशी मीच पोलीस स्टेशनला गेले. पुढचं सांगता येणार नाही. एक करा, समितीची हरकत नसेल तर मुलाकडे जाणं एकदम बंद करू नका, त्याला वाटतं बोललो म्हणून ताई गेली. फक्त तो विषय आपण काढायचा नाही, त्याचा जबाब घ्यायला साध्या कपड्यातल्या महिला अधिकारी असतात, त्यांचं काम त्यांना करू द्या. मी पुढच्या रविवारी गेले, त्याने वही काढली, आणि आम्ही राहिलेला भागाकार केला. बाकी उरली तीन.