पोषणशास्त्रात संशोधक व्हायचे असेल तर : गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी

रुग्णाने काय खावे हे आहारतज्ज्ञ सांगतो. संशोधकाला मात्र लोक प्रत्यक्षात काय आणि किती खातात हे आधी मोजावे लागते. म्हणून गृहविज्ञानातून आलेला असो वा जीवरसायनशास्त्रातून, विद्यार्थ्याने पदव्युत्तर वर्षांतच संख्याशास्त्र पक्के करावे.

पात्रतेविषयी थोडक्यात सांगायचे तर, पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेत असलेली सेट (राज्य पात्रता परीक्षा) सहायक प्राध्यापकपदाकरिता चालते, पण तिच्यातून संशोधनवृत्ती मिळत नाही; त्यासाठी नेटमधून (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधनवृत्ती, मिळवता येते. पीएचडीला किमान ३ वर्षे लागतात.

विषय निवडताना घरच्या ताटाकडे पाहावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत ५२८ खाद्यपदार्थांचे घटक दिले आहेत, परंतु ते कच्च्या पदार्थांचे आहेत. बांगड्याच्या हुमणाचे (नारळ घातलेल्या कालवणाचे) आकडे पाककृतीवरून स्वतःच काढावे लागतात. एका घरी नारळाचा रस गाळून घेतात, तर दुसऱ्या घरी वाटण चोथ्यासकट पडते, आणि तेवढ्याने आहारातील तंतूंचा हिशेब बदलतो. प्रत्येक घरी तराजू घेऊन जाणे कंटाळवाणे खरे, पण त्याला पर्याय नाही.

सर्वेक्षणाचा काळ त्याहून नाजूक. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यापाठोपाठ अनेक हिंदू घरांत श्रावण पाळला जातो, आणि एरवीही कित्येक जण सोमवारी मासे खात नाहीत. त्यामुळे केवळ पावसाळ्यात चोवीस तासांच्या आहाराची आठवण विचारून ‘गोमंतकीय मासे कमी खातात’ असा निष्कर्ष काढणारा प्रबंध परीक्षकासमोर टिकणार नाही. वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वारी, निदान दोनदा तरी विचारावे, आणि प्रश्न कोंकणीतूनच विचारावेत, कारण पेजेसोबत तोंडी लावलेल्या खाऱ्या मासळीचा किंवा लोणच्याचा उल्लेख लोक औपचारिक प्रश्नावलीपुढे सहसा करत नाहीत.

पहिल्या घरी जाण्यापूर्वी नैतिकता समितीची मंजुरी हवीच. आहारातील बदलाची चाचणी घ्यायची असेल, तर पहिला सहभागी घेण्याआधी भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत नोंदणीही करावी.

मार्गदर्शक मात्र कीर्तीवरून निवडू नये. त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर वाचून पाहावेत, आणि त्यांतील पद्धतीचे प्रकरण कितपत प्रामाणिक आहे यावरून निर्णय घ्यावा.