लॅपटॉपचा भाव करताय? मग या चुका टाळा

ऑगस्टमध्ये भाचीची इंजिनिअरिंगची ॲडमिशन फायनल झाली आणि ताई म्हणाली, तू चल बरोबर, आम्हाला त्यातलं काही कळत नाही. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पहिल्या दुकानात भाव मिळाला ४४,५००, तिसऱ्या दुकानात ४१,०००. दोघांनीही व्हिजिटिंग कार्डाच्या मागे एकच लिहून दिलेलं, रायझन ५ (प्रोसेसर), १६ जीबी (रॅम), ५१२ (स्टोरेज). साडेतीन हजार वाचले म्हणून ताईने पर्स उघडली पण, मी म्हटलं थांब जरा, आणि बॉक्सच्या कडेचा स्टिकर वाचला. पहिल्याकडचा प्रोसेसर होता ७५३०यू आणि याच्याकडचा ७५२०यू. एका आकड्याचा फरक, पण वस्तू वेगळी. ७५३०यू ला सहा कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), ७५२०यू ला चार, आणि या ७५२०यू ची रचना २०१९ सालची, झेन २ नावाची जुनी, नाव मात्र नव्या सिरीजचं. शिवाय ७५२०यू सोबत रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. चार वर्षं इंजिनिअरिंगला वापरायचाय म्हटल्यावर हे साडेतीन हजार वाचवण्यात काहीच अर्थ नव्हता.

तर सगळ्यात मोठी चूक हीच. आपण आकड्याची घासाघीस करतो, मॉडेलची करत नाही. घरून निघायच्या आधीच पूर्ण मॉडेल नंबर, म्हणजे शेवटच्या अक्षरापर्यंत, मोबाईलमध्ये लिहून ठेवा. एकाच सिरीजमध्ये, एकाच रंगाचे, एकसारखे दिसणारे दहा लॅपटॉप असतात आणि शेवटची दोन अक्षरं बदलली की स्क्रीन बदलते. स्क्रीनचं तर कोणी विचारतच नाही. २५० निट्स (स्क्रीनचा उजेड) आणि ४५ टक्के एनटीएससी (किती रंग दाखवते त्याचं माप) लिहिलेलं असेल तर रंग फिके दिसणार, खिडकीजवळ बसून काम करताना डोळे ताणणार हे धरूनच चाला, भाव त्या हिशोबाने मागा. दुकानदार म्हणाला की तो पीस संपला, हा घ्या, सेमच आहे, तर सेम नसतोच असं धरून परत स्टिकर वाचा. लाज वाटायचं कारण नाही, पन्नास हजार आपले जाणारेत.

दुसरी चूक म्हणजे आत शिरल्या शिरल्या “आमचं बजेट पन्नास आहे” सांगून टाकणं. मग पन्नासच्या खालचं काही समोर येतच नाही. बजेट सांगू नका, मॉडेल सांगा. मी सरळ असं विचारते, “दादा, हा मॉडेल नंबर, पक्कं जीएसटी बिल, आत्ता यूपीआयने पेमेंट, घेऊनच जाणारे. शेवटचा किती लावाल?” यात चारही गोष्टी येतात म्हणून समोरचा पण नीट आकडा सांगतो. “लास्ट किती” एवढंच विचारलं की तोही अंदाजे बोलतो आणि मग बिलाच्या वेळी एकेक वाढत जातं, कार्ड स्वाइप केलं तर दोन टक्के, बॅगेचे वेगळे, विंडोज टाकायचे वेगळे. विंडोज आणि ऑफिस आधीपासून आहे की डॉसवाला, म्हणजे विंडोज नसलेला पीस आहे हे भावाआधी विचारायचं, नंतर नाही.

आणि हे पण लक्षात घ्या की लॅपटॉपमध्ये दुकानदाराचं मार्जिन कपड्यांसारखं नसतं. अर्ध्या किमतीपासून सुरू केलं तर तो तुम्हाला गिऱ्हाईक समजतच नाही, बोलणं तिथंच संपतं. ऑनलाइनचा भाव दाखवायचा असेल तर खुशाल दाखवा, त्याचा उपयोग होतो, पण त्यात बँकेच्या कार्डाचा डिस्काउंट धरलेला असेल तर तो काढून दाखवा. दुकानातसुद्धा कंपन्यांचे कार्ड कॅशबॅक असतात, म्हणजे दोन्हीकडचा कार्डाशिवायचा भाव आधी, कार्ड नंतर. हा क्रम मोडला की हिशोब कळेनासा होतो. आधी मॉडेल, मग रोखीचा भाव, मग कार्ड किंवा ईएमआय, मग जुन्या लॅपटॉपचं एक्स्चेंज, आणि सगळ्यात शेवटी फुकटच्या वस्तू. जुना लॅपटॉप सुरुवातीलाच टेबलावर ठेवलात तर नव्याचा भाव चढवून जुन्याला “चांगली किंमत” दिल्यासारखं दाखवणं फार सोपं असतं.

ईएमआयबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथे आम्ही स्वतः फसलोय. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचा लॅपटॉप घेतला, नो कॉस्ट ईएमआय आहे म्हणून सांगितलं आणि आम्ही समजलो फुकट आहे. फुकट नसतं. बँक व्याज लावतेच, तेवढीच रक्कम किमतीतून आधी वजा केलेली दाखवतात, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो आपल्याकडून जातो आणि वर प्रोसेसिंग फी. समजा ६०,००० चा लॅपटॉप ९ महिन्यांच्या हप्त्यावर घेतला आणि व्याज वर्षाला १५ टक्के धरलं, तर व्याज साधारण ३,६०० होतं, त्यावरचा जीएसटी साडेसहाशेच्या आसपास. हे साडेसहाशे एकवेळ ठीक आहे हो, खरं नुकसान वेगळंच आहे. रोख देणाऱ्याला जो डिस्काउंट मिळाला असता तो ईएमआयवाल्याला बऱ्याचदा मिळत नाही, आमचा तोच गेला. म्हणून दोन्ही भाव वेगवेगळे विचारा, आणि हप्ता किती ते विचारू नका, सगळे मिळून शेवटी किती जातील ते विचारा.

फुकटच्या वस्तूंचं पण तसंच. बॅग, माऊस, कीबोर्डवरचं प्लास्टिक आणि एक वर्षाचं अँटीव्हायरस, “सगळं मिळून चार हजारांचं गिफ्ट”. विंडोज ११ मध्ये स्वतःचं डिफेंडर येतंच, बहुतेकांना वेगळं अँटीव्हायरस लागत नाही, आणि माऊस घरात पडलेला असतो. त्याऐवजी सांगा की हे काही नको, कंपनीची वाढीव वॉरंटी कमी भावात द्या किंवा रॅमची एक पट्टी टाकून द्या. पूर्वी रॅमवर पटकन तयार व्हायचे, २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले तेव्हापासून कां-कूं करतात, तरी विचारायला हरकत नाही. पण विचारायच्या आधी लॅपटॉपमध्ये रॅमची पट्टी बसवायला रिकामी जागा (स्लॉट) आहे का बघा. वॉरंटी “आमच्या दुकानाची” देतो म्हणाले तर नको म्हणा, कंपनीचीच हवी, आणि ती बिलावर लिहून हवी.

बिलावरून आठवलं. “बिल नको असेल तर तीन हजार कमी करतो” असं कोणी म्हटलं तर तिथून निघा. टॅक्स चुकवण्यात आपण सामील होतोच, वर उद्या मदरबोर्ड गेला तर हातात काहीच नसतं. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे आणि एमआरपीत तो धरलेलाच असतो, “वर जीएसटी वेगळा” म्हणून एमआरपीच्या वर एक रुपया घेता येत नाही. ज्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे आणि जीएसटी नंबर आहे त्यांनी तो बिल बनायच्या आधी द्यायचा, ५९,००० च्या बिलात ९,००० जीएसटी असतो, धंद्यासाठी घेतला असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो. याहून मोठी सूट कुठला दुकानदार देणार?

वेळेचं थोडक्यात. दसरा-दिवाळीला ऑफर असतात हे खरं पण गर्दीत भाव करायला कोणाला वेळ नसतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवार-बुधवारी सकाळी जा, दुकानदाराचं विक्रीचं टार्गेट राहिलेलं असेल तर तोच फोन करून मॅनेजरला विचारतो. नवे प्रोसेसर बरेचदा जानेवारीत जाहीर होतात, त्यानंतर मागच्या पिढीचा स्टॉक काढायचा असतो, तेव्हा तो भाव करून घेण्यासारखा असतो.

आता पैसे देऊन झाल्यावरच्या भानगडी. सील आपल्यासमोर फोडायला लावा, बॉक्स, लॅपटॉपची खालची बाजू आणि बिल, तिन्हीकडचा सिरियल नंबर जुळवा, आणि तिथेच उभं राहून कंपनीच्या साइटवर वॉरंटी कधीपासून दाखवतेय ते बघा. भाचीच्या लॅपटॉपची (शेवटी पहिल्या दुकानातलाच घेतला, ४३,२०० ला) वॉरंटी तीन महिने आधीपासून चालू दिसत होती. पीस खराब नव्हता, स्टॉकमध्ये पडून होता. घाबरायचं नाही, कंपनीच्या सपोर्टला बिलाची कॉपी आणि सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो मेल केला, आठवड्यात तारीख बदलून मिळाली. कॅशबॅक लगेच न येता काही आठवड्यांनी येणार असेल तर स्वाइपची स्लिप फोटो काढून ठेवा, त्या कागदावरची शाई उडते. ऑनलाइन घेतला असेल तर पार्सल फोडताना न थांबवता व्हिडिओ काढा. आणि दुकान किंवा साइट दाद देत नसेल तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते, मराठीतही बोलतात, फोन करताना बिल समोर ठेवा.