लॅबचा कोट सोडून सातवीच्या वर्गात

महापे एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये सात वर्षं काढली, एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्री, आणि आता ऐरोलीला एका शाळेत सहावी ते आठवीला सायन्स-मॅथ्स शिकवते. ट्रेनमध्ये, सोसायटीत कुणी ना कुणी विचारतंच, मलाही शिकवायला यायचंय गं, काय काय करावं लागतं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

कागदपत्रांचं आधी उरकते. बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय, सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ओपनला ग्रॅज्युएशनला ५० टक्के हवेत. रेग्युलर कॉलेज, वर सराव पाठ, त्यांची टाचणं (पाठाची लेखी तयारी), शाळेतली इंटर्नशिप, त्यामुळे लॅबची शिफ्ट सांभाळून होईल ही आशा सोडा आणि दोन वर्षांचा घरखर्च आधी बाजूला काढा. मी एकाच वर्षाचा काढला होता, दुसऱ्या वर्षी एफडी मोडली.

मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, १५० मार्क, ओपनला ९० लागतात. त्यातले ६० गणित-विज्ञानाचे, ते आपण करतोच, गोची होते ती बालमानसशास्त्र आणि मराठी व्याकरणात. पहिल्या वेळी मी ८४ वर लटकले, समास आणि प्रयोगांनी मारलं. पवित्र पोर्टलमधून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षक भरतीतून, अनुदानित शाळेत जायचं तर टेट (टीएआयटी, शिक्षक अभियोग्यता चाचणी) वेगळी, आणि लागलात तरी आधी तीन वर्षं ठरावीक मानधनावर शिक्षणसेवक, उच्च प्राथमिकला महिना १६ हजार. मी खासगीत आहे, पगार लॅबच्या निम्म्याच्या थोडा वर, खोटं कशाला बोलू.

पण खरी फजिती वर्गात झाली. पहिल्याच आठवड्यात सातवीला आम्ल-आम्लारी घेतलं, पीएच म्हणजे हायड्रोजन आयन वगैरे फळ्यावर झकास लिहिलं आणि मागे वळले तर अर्धा वर्ग मधली सुट्टी कधी होते ते बघतोय. ३५ मिनिटांचा तास, त्यातली सात-आठ तर हजेरी आणि "मॅम, हा बघा ना" मध्येच जातात. दुसऱ्या दिवशी हळदीचे कागद करून नेले, साबणाचं पाणी टाकलं, लाल झाले, पोरं खूश. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, मॅम, कुंकू हळद आणि चुन्याचंच असतं ना, मग त्यावर लिंबू पिळलं तर परत पिवळं होईल का?

सात वर्षं एचपीएलसीवर, औषधातले घटक मोजायच्या मशीनवर बसलेली बाई, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. होईल असं म्हणणार होते, पण थांबले, म्हटलं उद्या सगळ्यांनी घरचं कुंकू आणा. चौदा पुड्या आल्या. तीन पिवळ्या झाल्या, बाकीच्या ढिम्म, कारण बाजारातलं बरंचसं कुंकू रंग घातलेलं असतं. मग हळदीचं कुंकू कसं ओळखायचं ते पोरांनीच मला सांगितलं, आणि संध्याकाळी दोन आयांचे फोन, आमचं कुंकू खोटं आहे असं तुम्ही वर्गात म्हणालात का म्हणून!

लॅबमधून येणाऱ्यांची सवयच असते, विचारलं की लगेच बरोबर उत्तर द्यायचं. ती मोडायला मला सहा महिने लागले. राजीनामा द्यायच्या आधी ओळखीच्या शाळेत चार-पाच दिवस परवानगी काढून मागच्या बाकावर बसा, आणि बसायचंच तर जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला बसा.

आता त्याच मुलीला जाणून घ्यायचंय की आजोबांचं तोंड पानाने लाल होतं ते पण चुन्यामुळेच का. कात आणून दाखवता येईल, फक्त पानाचं सामान शाळेत न्यायचं तर मुख्याध्यापिकाबाईंना आधी विचारावं लागेल.